एसीतला गॅस संपत नसतो

१९७५च्या आसपास अमेरिकेतल्या बऱ्याच घरांतून केसांवर मारायचे आणि काखेत फवारायचे स्प्रेचे डबे हद्दपार होऊ लागले. देशभर लागू होईल असा कायदा अजून आला नव्हता. फक्त आदल्या वर्षी जूनमध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या दोन रसायनशास्त्रज्ञांचा छोटासा निबंध आला होता आणि वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला होता. फवाऱ्याला जोर देणारा क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, वातावरणात उंच जाऊन, सूर्याचे घातक अतिनील किरण अडवणारा ओझोन नष्ट करतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

'मी एकट्यानं वागणं बदलून काय होणार?' हा प्रश्न निघाला की मला हे स्प्रेचे डबे आठवतात. या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरं आहेत. एक म्हणजे थेंबे थेंबे तळे साचे. दुसरं, सगळा दोष कंपन्यांचा, आपण उगाच का मन खात बसायचं? दुसऱ्या उत्तरालाही आधार आहे. स्वतःचा 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे आपल्या वागण्यातून किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे मोजायची कल्पना २००० नंतरच्या दशकात घरोघरी पोचवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता. पण ओझोनची हकीकत या दोन्ही उत्तरांत नीट बसत नाही.

सीएफसीचा सगळा लौकिक त्याच्या निरुपद्रवीपणावर उभा होता. त्याआधीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले वायू असत आणि ते गळले तर माणसं दगावत. १९२८ साली थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधलेला नवा वायू जळत नव्हता, विषारी नव्हता, कशाशी फारशी अभिक्रियाही करत नव्हता. गोम तिथेच होती. जो वायू कशाशीच अभिक्रिया करत नाही आणि पावसात धुऊनही जात नाही, तो हवेत टिकून राहतो. सीएफसी-१२ हा प्रकार सुमारे १०० वर्षं टिकतो. एवढ्या अवधीत तो हळूहळू स्थितांबरात, म्हणजे ओझोन असलेल्या वरच्या थरात पोचतो आणि तिथले प्रखर अतिनील किरण त्याच्यातला क्लोरिनचा अणू सुटा करतात.

हा सुटा क्लोरिन ओझोनच्या रेणूतला ऑक्सिजनचा एक अणू काढून घेतो आणि क्लोरिन मोनॉक्साइड बनतो. मग जवळपास भटकणाऱ्या ऑक्सिजनच्या दुसऱ्या एका अणूला तो ऐवज देऊन टाकतो आणि पुन्हा मोकळा होतो, पुढच्या ओझोनकडे जायला. अखेर एखाद्या स्थिर संयुगात अडकेपर्यंत एक अणू लाखभर ओझोन रेणूंचा निकाल लावू शकतो. आणि आपल्या डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणून पसरला, तर त्याचा थर भरेल जेमतेम ३ मिलिमीटर.

तेव्हा अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या सीएफसीपैकी निम्म्याहून अधिक या फवाऱ्यांतच जात होता. लोकांनी पाठ फिरवल्यावर खप घसरला. १९७५मध्ये जॉन्सन वॅक्स या मोठ्या कंपनीनं आपल्या डब्यांतून सीएफसी काढून टाकत असल्याचं जाहीर केलं, ऑरेगन राज्यानं बंदीचा कायदा केला आणि १९७८मध्ये देशभर बहुतेक फवाऱ्यांतून सीएफसी गेला. गंमत अशी की पर्याय म्हणून आलेले ब्युटेन-प्रोपेन स्वस्तही पडले. म्हणजे बहिष्कारानं काम केलं.

आणि तिथेच ते संपलंही. फ्रिज, गाड्यांचे एसी, गाद्यांचा फोम, इलेक्ट्रॉनिक भाग धुण्याची द्रावणं यांत सीएफसी वाढतच राहिला आणि १९८०च्या दशकात जगाचं उत्पादन पुन्हा चढू लागलं. डिओडरंटवर बहिष्कार टाकता येतो, फ्रिजवर कोण टाकणार? शिवाय फवाऱ्यांवर बंदी आल्यावर प्रश्न सुटला असंच अनेकांना वाटलं. मे १९८५मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली केंद्रातल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. तिथल्या वसंतात, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, ओझोन तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटला होता. ध्रुवीय हिवाळ्यातल्या अतिथंड ढगांच्या कणांवर निष्क्रिय क्लोरिन पुन्हा सक्रिय होतो, हे स्पष्टीकरण सुझन सॉलोमन आणि इतरांनी पुढच्याच वर्षी मांडलं.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी सीएफसीसारख्या ओझोन नष्ट करणाऱ्या वायूंचं उत्पादन आणि वापर कमी करणारा आंतरराष्ट्रीय माँट्रियल करार झाला. १९९०च्या लंडन बैठकीत, गरीब देशांनी नवं तंत्रज्ञान आणायचं तर त्यासाठी श्रीमंतांनी पैसा दिला पाहिजे, ही भारत-चीनची मागणी निधीच्या रूपानं मान्य झाली. १९९२मध्ये भारत करारात आला आणि ऑगस्ट २००८मध्ये इथलं सीएफसीचं उत्पादन थांबलं. करार असाच पाळला गेला तर ओझोन १९८०च्या पातळीवर यायला जगाच्या बहुतेक भागात २०४० आणि अंटार्क्टिकावर २०६६च्या आसपासचं वर्ष उजाडेल.

आता आपल्या भिंतीवरच्या एसीकडे येऊ. घरगुती एसीत आधी आर-२२ हा वायू असायचा. त्यात क्लोरिन होता, पण कमी उपद्रवी. मग आले क्लोरिनच नसलेले हायड्रोफ्लुरोकार्बन, म्हणजे एचएफसी: आर-४१०ए आणि हल्ली सर्रास दिसणारा आर-३२. ओझोनचा धोका टळला, पण हे वायू उष्णता धरून ठेवतात. १०० वर्षांचा हिशेब केला तर १ किलो आर-४१०ए सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो आणि आर-३२ सुमारे ६७५ किलोइतकी. १ लिटर पेट्रोल जळून साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे १ किलो आर-३२ हवेत गेला की जवळपास २९० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर तेवढ्यात १३,००० किलोमीटर पळेल. घरगुती स्प्लिट एसीत गॅस असतो साधारण किलोभर, थोडा इकडे-तिकडे.

आणि तरीही दर उन्हाळ्यात 'गॅस संपलाय' हे निदान आपण निमूटपणे ऐकून घेतो. एसीतला गॅस इंधनासारखा खर्च होत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो, घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो, परत येतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळलाय, एवढाच त्याचा अर्थ. बहुधा तांब्याची नळी जिथे जोडतात त्या फ्लेअर नटपाशी, नाहीतर गंजलेल्या कॉइलमधून. गळती तशीच ठेवून वर गॅस भरला तर तोही काही महिन्यांत त्याच वाटेनं जातो. नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचा फेस लावला की बहुतेक गळती सापडते.

गॅस हवेत सुटण्याची ही पहिली वेळ. दुसरी वेळ घर बदलण्याची. बाहेरच्या युनिटला दोन व्हॉल्व्ह असतात. बारीक नळीचा आधी बंद करून कॉम्प्रेसर चालू ठेवला की सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होतो, मग जाड नळीचा बंद करायचा. याला पंप डाउन म्हणतात आणि काही मिनिटांत होतं. घाईत असलेला माणूस सरळ नट सैल करतो आणि गॅस हवेत जातो. तिसरी वेळ एसी भंगारात जाण्याची. भंगारवाल्याला तांबं हवं असतं, त्यासाठी नळी कापली जाते आणि उरलेला सगळा गॅस वर जातो. २०२२च्या ई-कचरा नियमांनी जुन्या यंत्राचं रीतसर पुनर्चक्रीकरण उत्पादकांवर टाकलंय, पण ते यंत्र अधिकृत वाटेनं जायचं की हातगाडीवरून, हे बहुतेकदा आपल्या दारातच ठरतं.

मला या तीन वेळा बाजारात कापडी पिशवी नेण्यापेक्षा महत्त्वाच्या वाटतात. पिशवी जरूर न्यावी. पण माँट्रियल कराराला २०१६मध्ये किगाली इथे जोडलेली दुरुस्ती एचएफसीचं उत्पादन आणि आयात कमी करते. भारतावर २०२८पासून मर्यादा, २०३२पासून कपात, २०४७पर्यंत ८५ टक्के घट. जो गॅस आधीच लाखो भिंतींवर टांगलेला आहे त्याची गळती मात्र त्या आकड्यांत धरलेली नाही. त्याची किल्ली मालकाकडे आणि पान्हा मेकॅनिककडे.

यात मेकॅनिकला खलनायक ठरवायचं कारण नाही. एप्रिल-मेमध्ये त्याच्याकडे फोनची रांग लागलेली असते, पैसे मिळतात ते कामागणिक, आणि गळती शोधण्यात गेलेल्या वेळेचं बिल लावलं की गिऱ्हाईक कुरकुरतं. तो वेळ बिलात वेगळा लावा, असं त्याला आपणच सांगू शकतो.