टाइमलॅप्स म्हणजे पळवलेला व्हिडिओ नव्हे

शिमगा आला की आमच्या रत्नागिरीकडे हमखास ऐकू येतं: ‘टाइमलॅप्स काय, व्हिडिओ काढायचा नि पळवायचा!’ तसं नाही. कॅमेरा ठरावीक अंतराने एकेक फोटो टिपतो. दर ५ सेकंदांनी एक, म्हणजे तासाला ७२०. ते जोडून सेकंदाला २५ या वेगाने दाखवले की जेमतेम २९ सेकंदांत संपतात. खरी गंमत शटरची, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड सोडणाऱ्या पडद्याची. ते अर्धा सेकंद उघडं ठेवलं की सहाणेभोवतीची, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्याभोवतीची, गर्दी वाहत्या पऱ्ह्यासारखी दिसते, होळीच्या ठिणग्यांच्या रेघा होतात. सेकंदाला २५ फ्रेमच्या, म्हणजे २५ चित्रांच्या, व्हिडिओत एकेका फ्रेमला १/२५ सेकंदाहून जास्त वेळ मिळतच नाही. पालखी नाचवताना मात्र ५ सेकंदांचं अंतर फार. फोटो जोडल्यावर ती बेडकासारखी उड्या मारताना दिसते. तिथे १ सेकंदच ठेवा. आणि ट्रायपॉड ढोलवाल्यांपासून लांब, नाहीतर प्रत्येक फोटो हललेला!