गिटारचा चौथा पडदा आणि आपला गंधार

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत गिटारचं आता नवल राहिलेलं नाही. मुलं मोबाइलवर व्हिडिओ लावून शिकायला बसतात आणि पहिल्या काही दिवसांतच फ्रेट, कॉर्ड, स्केल, ऑक्टेव्ह, कॅपो, बीपीएम असे शब्द अंगावर येतात. त्याच घरात किंवा शेजारच्या गल्लीत भजनाला पेटी धरणारं कुणीतरी असतंच. या शब्दांमागच्या बहुतेक गोष्टी त्या पेटीवाल्याला पाठ असतात, पण त्याला विचारायला कुणी जात नाही. आमच्याकडच्या मुलांनी गिटारची भाषा पेटीवरूनच शिकावी असं मला मनापासून वाटतं. तो सगळ्यात जवळचा रस्ता आहे. आणि जिथे पेटी आणि गिटार दोघीही एकाच जागी कमी पडतात, तिथे थांबून नीट बघावं, कारण खरं विज्ञान तिथे आहे. गिटारवर ती जागा चौथ्या पडद्यापाशी, म्हणजे मानेवरच्या चौथ्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी सापडते.

आधी तार. छेडलेली तार सेकंदाला किती वेळा थरथरते त्यावर तिचा स्वर ठरतो. त्या आकड्याला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. मारँ मेर्सेन या फ्रेंच पंडिताने १६३६ मध्ये याचे नियम मांडले. तार निम्मी केली की वारंवारता दुप्पट होते. ताण चौपट केला की दुप्पट होते. आणि तारेचं दर लांबीमागचं वजन चौपट केलं की वारंवारता निम्मी होते. गिटारच्या सहाही तारांची लांबी जवळपास सारखीच असते, म्हणून जाड-बारीक तारा घेऊन आणि खुंट्या पिळून काम भागवावं लागतं. सहावी, सगळ्यात जाड तार ८२.४ हर्ट्झला लावतात आणि पहिली, सगळ्यात बारीक, ३२९.६ हर्ट्झला. बरोबर चौपट, म्हणजे दोन सप्तकांचं अंतर. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ७० किलोच्या आसपास भरतो, आणि तो सगळा एका पातळ लाकडी पाटीवर पेललेला असतो.

एक गोंधळ इथेच मिटवलेला बरा. ‘वरची तार’ म्हटलं की नवखा मुलगा डोळ्यांना वर दिसणारी जाड तार धरतो. संगीतात वर म्हणजे उंच स्वर. गिटार मांडीवर घेतल्यावर जमिनीच्या बाजूला असते ती बारीक तार पहिली, आणि स्वराने तीच वरची.

तारांची नावं जाडीकडून मोजली तर ई, ए, डी, जी, बी, ई. ही नावं पाठ करण्यापेक्षा त्यांचं नातं ऐकावं. जाड तारेला सा माना, पुढची तार तिचा मध्यम आहे. तिला सा माना, त्यापुढची पुन्हा मध्यम. असं चालत येतं ते जीपर्यंत. जीवरून बीवर जाताना मात्र मध्यम मिळत नाही, गंधार मिळतो. मग बीवरून शेवटच्या ईवर पुन्हा मध्यम. म्हणूनच स्वर मोजून दाखवणारा ट्यूनर नसताना तारा लावायच्या तर प्रत्येक वेळी पाचव्या पडद्यावर बोट ठेवून पुढची तार मिळवतात, आणि फक्त जी-बीच्या जोडीला चौथा पडदा वापरतात. व्हिडिओत हा अपवाद नुसता सांगून टाकतात. पेटीवर सा-म आणि सा-ग वाजवून पाहिलेल्या मुलाला त्याचं कारण आपोआप कळतं.

फ्रेट म्हणजे सतारीचा पडदाच, फक्त गिटारवर तो लाकडात पक्का बसवलेला असतो. एक पडदा पुढे गेलं की स्वर एका सेमीटोनने चढतो. पेटीवर लगतच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर जावं तसं. दोन पडदे म्हणजे एक टोन. कोणतीही एक तार मोकळी छेडा, तो सा. मग दुसरा पडदा रे, चौथा ग, पाचवा म, सातवा प, नववा ध, अकरावा नी आणि बारावा वरचा सा. हीच मेजर स्केल, आपला बिलावल थाट. ग, ध, नी कोमल केले की मायनर स्केल, म्हणजे आसावरी थाट. ऑक्टेव्ह म्हणजे सप्तक. बाराव्या पडद्यावर तारेची लांबी निम्मी होते, म्हणून तिथे वरचा सा मिळतो.

कॉर्ड म्हणजे तीन किंवा जास्त स्वर एकदम वाजणं. मेजर कॉर्डमध्ये सा, ग, प. मायनरमध्ये गंधार कोमल. सी मेजर म्हणजे सी हा सा धरून त्यावरचे ग आणि प, म्हणजे सी, ई, जी. सी मेजर आणि सी मायनर यांत फरक आहे तो एका गंधाराचा, तेवढ्याने सगळा रंग बदलतो. सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवला तर स्ट्रमिंग, तेच स्वर एकामागून एक सोडले तर आर्पेजिओ.

कॅपोचा उपयोग आमच्याकडे तर पहिल्या दिवसापासून आहे. भजनाला पेटीवाला म्हणतो, ‘काळी एक धर.’ काळी एक म्हणजे गिटारच्या भाषेत सी शार्प, आणि त्या पट्टीतल्या कॉर्ड नवख्या बोटांना अवघड. कॅपो नावाचा चिमटा पहिल्या पडद्यावर लावावा आणि सी मेजरच्या सोप्या कॉर्ड धराव्यात. आवाज काळी एकचा निघतो. बायकांच्या भजनाला काळी चार असेल तर तोच चिमटा तिथेच ठेवून जीच्या कॉर्ड वाजवाव्यात. फक्त आधी गिटार पेटीला मिळवून घ्यावी. ट्यूनर मध्य सप्तकातला ए ४४० हर्ट्झ धरून चालतो; हा आकडा आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९५५ मध्ये ठरला. घरातली जुनी पेटी बरोबर ४४० ला असेलच असं नाही, आणि पेटीचे सूर आयत्या वेळी बदलता येत नाहीत. वाकायचं ते गिटारनेच.

लयीचे शब्द तर आपल्याला आधीच येतात. बीट म्हणजे मात्रा, बार म्हणजे आवर्तन, बारची पहिली बीट म्हणजे सम. बीपीएम म्हणजे मिनिटाला किती मात्रा. ६० असेल तर सेकंदाला एक. केरव्याच्या किंवा भजनी ठेक्याच्या आठ मात्रा चार बीटच्या एका बारमध्ये ‘एक-आणि-दोन-आणि’ अशा मोजता येतात. आकड्यावर हात खाली, ‘आणि’वर हात वर. दादऱ्याच्या सहा मात्रांना सहा-आठचा बार चालतो. एवढं हाताला बसलं की सुरुवातीला पुरे.

आता त्या चौथ्या पडद्याकडे येऊ.

पडदे समान अंतरावर नसतात हे कुणालाही दिसतं. तारा दोन टेकूंवर ताणलेल्या असतात: खुंट्यांकडचा नट आणि पोटावरचा सॅडल. अनेक गिटारींवर नटपासून सॅडलपर्यंतची लांबी ६४८ मिलिमीटर धरतात. तिथे पहिला पडदा नटपासून सुमारे ३६ मिलिमीटरवर येतो, आणि अकराव्या-बाराव्यात जेमतेम १९ मिलिमीटर उरतात. कारण एका सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे तर ते बेरजेने होत नाहीत, गुणाकाराने होतात. प्रत्येक पायरीला वारंवारता अशा आकड्याने गुणायची की बारा वेळा गुणल्यावर ती बरोबर दुप्पट व्हावी. तो आकडा १.०५९५ च्या जवळचा आहे. यालाच समान स्वरांतराची जुळणी म्हणतात. चीनमध्ये राजपुत्र झू झाय्यूने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गणित बारकाईने करून ठेवलं. युरोपात १५८१ मध्ये विन्चेन्झो गॅलिली या ल्यूटवादकाने कारागिरांना सोपा नियम दिला: उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडा आणि पडदा बसवा. हा विन्चेन्झो म्हणजे दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणाऱ्या गॅलिलिओचा बाप. त्याच्या नियमाने ६४८ मिलिमीटरच्या तारेवर बारावा पडदा मध्यापासून सुमारे सव्वादोन मिलिमीटर अलीकडे पडतो. कानाला चालण्याइतकं ते जवळ होतं.

पण निसर्गाला सप्तकाचे बारा सारखे भाग ठाऊक नाहीत. तार थरथरते ती अख्खी थरथरते, त्याच वेळी अर्ध्या-अर्ध्यात, तिसऱ्या हिश्श्यांत, पाचव्या हिश्श्यांतही थरथरते. या हिश्श्यांतून निघणाऱ्या स्वरांना उपस्वर म्हणतात. यातल्या पाचव्या हिश्श्याच्या थरथरीतून जो स्वर निघतो तो गंधार. सुरात लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कुणी न छेडता गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो हाच.

तो गिटारवर डोळ्यांनी पाहता येतो. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवा, दाबू नका. तार छेडा आणि बोट उचला. घंटेसारखा स्वच्छ सूर निघतो. याला हार्मोनिक म्हणतात. तसंच सातव्या पडद्यावर करा, तिथे पंचम निघतो. तारेचा तिसरा हिस्सा २१६ मिलिमीटरवर येतो आणि सातवा पडदा २१५.५ वर असतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक; पंचम जवळजवळ शुद्ध. आता चौथ्या पडद्यावर बोट टेकवा. सूर नीट निघत नाही, खरखरतो. बोट हळूहळू नटकडे सरकवत न्या. पडद्याच्या साधारण चार मिलिमीटर अलीकडे एकदम सूर खुलतो. तो स्वयंभू गंधार. तारेचा पाचवा हिस्सा १२९.६ मिलिमीटरवर, पण पडदा बसवलाय १३३.७ वर.

म्हणजे गिटारवर पडद्याने मिळणारा गंधार चढा आहे. सेमीटोनचे शंभर भाग केले तर त्या एका भागाला सेंट म्हणतात. ट्यूनरची सुई सेंटच दाखवते. गिटारचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट वर आहे, पंचम फक्त दोन सेंट खाली. सी मेजर वाजवताना मधल्या सीचा पाचवा उपस्वर १३०८ हर्ट्झला आणि त्यावरच्या ईचा चौथा १३१८.५ ला येतो. दोन्ही एकमेकांवर आदळतात आणि सेकंदाला दहाएक वेळा आवाज वर-खाली होतो. याला विस्पंद म्हणतात. तारा सोडल्यावर कॉर्ड किंचित थरारते ती यामुळे. वाद्य खराब आहे म्हणून नव्हे.

हा चढा गंधार नेहमीच्या पेटीतही आहे, आणि त्यावरून आपल्या मुलखात खूप वाद झाले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुती, म्हणजे सप्तकातली बारीक स्वरांतरं, मोजण्याचं काम केलं, क्लेमेंट्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची खास पेटीही बनवून घेतली गेली. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला बंदी केली आणि ती तीन दशकं टिकली. त्याच काळात आमच्या बेळगावात पेटी जिवापाड जपली गेली. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी इथे पिढ्यान् पिढ्या शिष्य घडवले. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये कुमार गंधर्व जन्मले. ज्या मातीत एवढं कान देऊन ऐकणारे लोक झाले, तिथल्या गिटार शिकणाऱ्या मुलाला १४ सेंटचा फरक सांगितलाच पाहिजे.

हुशार मुलगा विचारतो, मग बीची तार थोडी उतरवली तर? जी मेजरमध्ये बी हा गंधार आहे. ती १४ सेंट उतरवा, जी मेजर खरंच निवांत आणि गोड लागते. आता ई मेजर वाजवा. तिथे हीच बी पंचम आहे, आणि तो पंचम आता १६ सेंट उतरलेला. ऐकवत नाही. एका कॉर्डला सुधारावं तर दुसरी बिघडते. सगळ्या पट्ट्यांत थोडी थोडी चूक वाटून घ्यायची, हा समान जुळणीचा सौदा आहे, आणि त्याच्या जिवावर कॅपो कुठेही लावता येतो.

तारा लावल्या तरी आमच्या हवेत त्या टिकत नाहीत, हेही सांगायला हवं. कणकुंबी-आमगावकडच्या पावसात लाकूड ओल पितं, गिटारचं पोट फुगतं, तारा पडद्यांपासून उंच होतात. उंच तार दाबताना जास्त ताणली जाते आणि स्वर आणखी चढतो. पावसाळ्यात गिटार भिंतीला टांगू नये, बंद खोक्यात ठेवावी आणि वाजवण्याआधी दर वेळी लावावी.

शुद्ध गंधार हवाच असेल तर वाटा आहेत. मिरजेच्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, वादक ते रागाप्रमाणे सरकवतो. गिटारवर ते शक्य नाही, आणि तार बाजूला ओढून मींड घेतली तर स्वर चढतोच, उतरत नाही. पण पडद्यांना न जुमानणारी एक रीत आहे: गिटार आडवी मांडीवर घ्यायची आणि तारेवर धातूचा दांडा किंवा काचेची नळी फिरवायची. ब्रिजभूषण काबरांनी अशा गिटारवर राग वाजवले, आणि विश्वमोहन भट्टांना मोहनवीणा या आपल्या बदललेल्या गिटारवर राय कूडरसोबत केलेल्या अल्बमसाठी १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. दांडा तारेवर कुठेही थांबतो. पंचमाला तो सातव्या पडद्याच्या रेषेवर धरावा. गंधाराला चौथ्या पडद्याची रेषा सोडून नटच्या बाजूला चार मिलिमीटर यावं, आणि शेजारी तानपुरा लावून कानाने जागा पक्की करावी.