क्षीणता, वार्धक्यातील

(फ्रेल्टी). उतारवयात शरीराची राखीव ताकद घटत गेल्यामुळे एरवी किरकोळ ठरणारा आघातही न झेपण्याची अवस्था. चार दिवसांचा ताप, बदललेले औषध किंवा न्हाणीघरात घसरलेला पाय एवढ्यानेच क्षीण व्यक्ती अंथरुणाला खिळते आणि बरी झाली तरी पहिल्यासारखी हिंडती-फिरती होत नाही. मराठीत यासाठी अशक्तपणा, दुर्बलता, जर्जरता हे शब्दही योजतात. ‘अशक्तपणा’ बोलण्यात रक्त कमी असण्यापासून तापानंतरच्या थकव्यापर्यंत कशालाही लागतो, तर ‘जर्जर’मध्ये शेवटची पायरी सूचित होते; म्हणून येथे क्षीणता ही संज्ञा स्वीकारली आहे. क्षीणता म्हणजे नुसते वय नव्हे आणि परावलंबनही नव्हे. नव्वदीतला माणूस क्षीण नसू शकतो. साठीतला असू शकतो.

पूर्वविचार : चरकसंहितेत साठीनंतरचे वय जीर्ण मानले आहे, सुश्रुतसंहितेत सत्तरीनंतरचे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूक, तहान, निद्रा व मृत्यू यांच्या जोडीला जरा (म्हातारपण) ‘स्वभावबलप्रवृत्त’, म्हणजे देहस्वभावानेच येणाऱ्या, व्याधींत घातली असून या व्याधींचे दोन भेद केले आहेत : शरीराची निगा राखूनही योग्य काळी येणाऱ्या त्या कालज आणि निगा न राखल्याने वेळेआधी येणाऱ्या त्या अकालज. सुश्रुतसंहितेचा काळ वादग्रस्त आहे. मूळ भाग इसवी सनापूर्वीच्या शतकांतला असावा आणि पुढे अनेक हातांनी संस्कार होत आजचे रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आले असावे, असे मानण्याकडे कल आहे. अकालज जरा म्हणजेच आजची क्षीणता, असे समीकरण आधुनिक लेखनात अधूनमधून मांडले जाते. ते ओढूनताणून केलेले वाटते. अकालज या शब्दाचा रोख वेळेआधी येण्यावर आहे. क्षीणता मात्र वेळेवर आलेल्या म्हातारपणातही एकाला गाठते आणि त्याच्याच वयाच्या शेजाऱ्याला सोडते. वर्षे आणि झीज वेगवेगळी मोजावीत, एवढे सूत्र तेथे निश्चित सापडते.

व्याख्या व मापन : क्षीणतेचे जोखीम घटक कोणते, याचे उत्तर ती कशी मोजली यावर अवलंबून असल्याने मापनाचा प्रश्न आधी पाहावा लागतो. प्रचलित पद्धती दोन असून दोन्ही २००१ मध्ये पुढे आल्या.

पहिली अमेरिकेतील लिंडा फ्रीड व सहकाऱ्यांची लक्षणसमूह पद्धती. हृदयविकारांच्या दीर्घकालीन पाहणीतील ६५ वर्षांवरील ५,३१७ स्त्रीपुरुषांच्या माहितीवर ती उभी आहे. वर्षभरात प्रयत्न न करता झालेली वजनातील घट, सततचा थकवा, हाताच्या पकडीतील कमजोरी, मंदावलेली चाल व अल्प शारीरिक हालचाल या पाच लक्षणांपैकी तीन किंवा अधिक आढळल्यास व्यक्ती क्षीण, एक किंवा दोन असल्यास क्षीणतापूर्व अवस्थेत मानतात. चालीसाठी १५ फुटांचे अंतर घेतले होते. उंचीनुसार ६ किंवा ७ सेकंद वा त्याहून अधिक वेळ लागला, तर चाल मंद. या गटात क्षीण व्यक्ती सुमारे ७ टक्के होत्या. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या, स्मृती बरीच ढासळलेल्या आणि नैराश्यावर औषधे घेणाऱ्या व्यक्ती हिशेबातून आधीच वगळल्या होत्या. परिणामी बुद्धी व मन यांना या व्याख्येत जागाच उरली नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी २०१३ मध्ये ‘बोधात्मक क्षीणता’ (शरीराबरोबर स्मृती व विचारशक्तीही ढासळणे) ही वेगळी संज्ञा तज्ञांच्या सहमतीने मांडावी लागली.

दुसरी कॅनडातील केनेथ रॉकवुड आणि आर्नल्ड मिट्निट्स्की यांची उणिवांच्या साठ्याची कल्पना. ऐकू कमी येणे, मधुमेह, जिना चढताना लागणारा आधार, रक्तचाचणीतील दोष अशा निदान ३० बाबींची यादी करायची आणि आढळलेल्या उणिवांना एकूण बाबींनी भागायचे. ४० पैकी १० उणिवा असतील, तर क्षीणता निर्देशांक ०.२५ होतो; बहुधा येथूनच क्षीणता धरतात. यादीतील बाबी बदलल्या तरी निर्देशांकाची वागणूक फारशी बदलत नाही आणि समाजात तो सहसा ०.७ च्या वर जात नाही. त्यापुढे शरीर तग धरत नसावे, असा याचा अर्थ लावला जातो.

आता अडचण दिसते. निर्देशांकाच्या यादीत मधुमेह घातला असेल, तर मधुमेह हा क्षीणतेचा जोखीम घटक आहे असे म्हणणे म्हणजे बेरजेतला आकडा बेरजेचे कारण आहे म्हणण्यासारखे होते. फ्रीड यांच्या पद्धतीत हीच गत बैठ्या जीवनाची आणि घटत्या वजनाची : दोन्ही व्याख्येतही आहेत आणि कारणांच्या यादीतही. कारणमीमांसेसाठी लक्षणसमूहाची पद्धती अधिक सोयीची, कारण तिची मापे रोगांच्या यादीपासून वेगळी राहतात. रोजच्या रुग्णसेवेत रॉकवुड यांचीच २००५ ची सोपी श्रेणीमापिका अधिक रुळली आहे.

भारतीय वाचकासाठी आणखी एक मुद्दा. फ्रीड यांच्या पकडीच्या सीमारेषा त्या अमेरिकन गटातील तळच्या एक-पंचमांशावरून काढल्या होत्या. सतरा देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या पकडीचे मापन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात दक्षिण आशियातील मापे खालच्या बाजूला होती. त्यामुळे परकी सीमारेषा जशाच्या तशा लावल्या, तर आपल्याकडे क्षीणता फुगलेली दिसते. आशियाई तज्ञगटाने स्नायुऱ्हासासाठी २०१९ मध्ये पुरुषांकरिता २८ किग्रॅ. व स्त्रियांकरिता १८ किग्रॅ.पेक्षा कमी पकड ही मर्यादा ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहा देशांतील पाहणीत (२००७–१०) पन्नाशीपुढच्या लोकांतील क्षीणता भारतात सर्वाधिक आणि चीनमध्ये सर्वांत कमी आढळली. भारतातील निवडक सहा राज्यांत महाराष्ट्र होता. या पाहणीत निर्देशांक वापरल्याने पकडीच्या सीमारेषेचा आक्षेप थेट लागू पडत नाही. मात्र अनेक उणिवा लोकांच्या स्वतःच्या सांगण्यावरून नोंदल्या जातात आणि असे सांगणे समाजागणिक बदलते, हे ध्यानात ठेवावे लागते.

जोखीम घटक : वय हा सर्वांत बळकट घटक. फ्रीड यांच्या गटात ६५ ते ७० वयात ३ टक्क्यांच्या आसपास असलेले प्रमाण पंच्याऐंशीनंतर २५ टक्क्यांजवळ पोहोचले. स्त्रियांत क्षीणता अधिक आढळते, तरीही समान निर्देशांकाच्या पुरुषापेक्षा स्त्री अधिक जगते. याचे सर्वमान्य स्पष्टीकरण नाही. स्त्रियांत स्नायूंचा मूळ साठा कमी असणे, हे अधिक क्षीणतेचे तेवढे बरेचसे पटणारे कारण.

शरीरांतर्गत घडामोडींत स्नायूंची झीज मध्यवर्ती आहे. तिला सार्कोपेनिया हे ग्रीक मुळांवरून बेतलेले नाव अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवले. स्नायू घटले की चाल मंदावते, हालचाल कमी झाली की भूक मरते, खाणे कमी झाले की स्नायू आणखी घटतात. या चक्रात कोठूनही शिरता येते, म्हणून पहिले कारण शोधणे अनेकदा निष्फळ ठरते. रक्तातील इंटरल्युकिन-६ व सी-प्रतिक्रियात्मक प्रथिन वाढलेले असणे, म्हणजे मंद आणि चिवट दाह, याचाही संबंध वारंवार दिसला आहे. रक्तक्षय, ड जीवनसत्त्वाची कमतरता, हृदय निकामी होत जाणे, फुप्फुसांचे जुनाट विकार, मूत्रपिंडांचे विकार व मधुमेह हे रोगांपैकी प्रमुख होत. वजनाचा संबंध दुतर्फा आहे : कृश व्यक्ती क्षीण होतात तशाच स्थूलही. सुटलेल्या पोटाआड वाळलेले स्नायू घरच्यांच्या नजरेतून सुटतात.

अंथरुणावरची सक्तीची विश्रांती हा उपेक्षित घटक आहे. अमेरिकेतील एका प्रयोगात निरोगी वृद्धांना १० दिवस पडून ठेवले असता पायांतील स्नायुभार सुमारे १ किग्रॅ. घटला. ‘आराम करा, उठू नका’ हा आपल्याकडचा प्रेमळ आग्रह या दृष्टीने महागात पडतो. पाच किंवा अधिक औषधे एकाच वेळी चालू असणे हाही स्वतंत्र घटक मानतात. झोपेच्या गोळ्या व रक्तदाब फार उतरवणारी औषधे यांत विशेष संशयित.

आहारात प्रथिनांचा प्रश्न मोठा. भारतात प्रौढांसाठी दर किलोग्रॅम वजनामागे रोज ०.८३ ग्रॅ. प्रथिने शिफारसलेली आहेत. वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅ. असावीत, असे २०१३ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाचे मत आहे. दात गेल्यावर दुधात कुस्करलेली भाकरी आणि वरणभात यांवर आलेला आहार या मापाला सहसा पुरत नाही. त्यात उपवासांची भर पडते : साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, प्रथिने मिळतात ती त्यातल्या दाण्याच्या कुटाची. दात जाण्याला मिसरीचाही हातभार लागतो, आणि चुलीच्या धुराने फुप्फुसांचे जुने दुखणे जडलेल्या ग्रामीण स्त्रिया दोन्हीकडून कात्रीत सापडतात.

केवळ आहाराने मात्र भागत नाही. बॉस्टनमधील एका वृद्धाश्रमात सरासरी ८७ वर्षे वयाच्या १०० क्षीण रहिवाशांवर झालेल्या प्रयोगात (१९९४) १० आठवड्यांच्या वजनाच्या व्यायामाने स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसता पूरक आहार दिलेल्या गटात फरक पडला नाही. क्षीणता काही अंशी उलटते, हेही दिसून आले आहे. अमेरिकेतील न्यू हेवन येथे सत्तरीपुढच्या ७५४ जणांचा साडेचार वर्षे माग काढला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांची अवस्था निदान एकदा बदलली, काहींची चांगल्या बाजूनेही. पूर्ण क्षीण व्यक्ती थेट सुदृढ झाल्याचे मात्र क्वचितच आढळले.

आरंभीच्या आयुष्याचा ठसाही राहतो. इंग्लंडच्या हार्टफर्डशर परगण्यात दायांनी जपलेल्या जन्मनोंदी दशकांनंतर पडताळल्या असता जन्मवेळी वजन कमी असलेल्यांची साठी-सत्तरीतील पकड कमजोर आढळली. शिक्षण व उत्पन्न कमी असणे, वैधव्य, एकटेपणा व नैराश्य हे सामाजिक-मानसिक घटक बहुतेक पाहण्यांत येतात. त्यांचे परस्परांपासून वेगळे मापन अवघड आहे.

भारतातील साठीपुढच्यांची संख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १०.४ कोटी (८.६ टक्के) होती, गोव्यात हे प्रमाण ११.२, महाराष्ट्रात ९.९ टक्के. मुंबईतील देवनार येथील लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. तिच्या पहिल्या फेरीत (२०१७–१८) पकड व चाल यांचे प्रत्यक्ष मापन झाले आहे. त्याच व्यक्तींचे पुन्हा मापन झाल्यावरच, आधी वजन उतरले की आधी चाल मंदावली, हे भारतीय संदर्भात सांगता येईल.