पशुवैद्यकीय उपचारांविषयीच्या तक्रारी

पाळीव प्राण्यावर झालेले उपचार, त्यासाठी घेतलेले पैसे किंवा डॉक्टरांची वागणूक यांबद्दल मालकाने (शहरी बोलीत आता ‘पालकाने’) केलेली तक्रार आणि तिची दखल घेण्याची व्यवस्था. भारतात त्यासाठी तीन दारे आहेत : राज्य पशुवैद्यक परिषद, ग्राहक आयोग आणि पोलीस. प्रत्येक दारी प्रश्न वेगळा असतो. हा डॉक्टर पशुवैद्यकांच्या नोंदवहीत राहण्यास पात्र आहे का, हे परिषद पाहते. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत त्रुटी राहिली का, हे आयोग पाहतो. गुन्हा घडला का, हे पोलीस पाहतात. ‘आमचं कुत्रं गेलं कशानं?’ हा मालकाचा खरा प्रश्न मात्र तिन्हीकडे आडवळणानेच येतो.

तक्रारींचे विषय ठरलेले आहेत. नसबंदीसाठी सकाळी उड्या मारत गेलेली मांजर भुलीतून उठतच नाही. गोचीड तापाचे निदान रक्ततपासणीविना लांबते. रात्री दवाखान्यात डॉक्टर नसतो. बिल सांगितल्याच्या दुप्पट होते. लस देऊनही पिल्लाला पार्व्हो हा विषाणुजन्य आजार झाला, ही तर नेहमीची तक्रार. तिच्यात दरवेळी डॉक्टरांची चूक असतेच असे नाही. आईच्या चिकातून पिल्लाला मिळालेली प्रतिकारद्रव्ये काही आठवडे लसीचा परिणाम होऊ देत नाहीत, म्हणून तर डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावे लागतात. पहिल्या डोसनंतर झालेला आजार हा हयगयीचा पुरावा ठरत नाही. डॉक्टरांनी ही गोष्ट लस टोचतानाच दोन वाक्यांत सांगितली असती, तर तक्रार झालीच नसती, अशीही उदाहरणे पुष्कळ निघतील.

परिषदेचा आधार भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ हा आहे. महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचे कार्यालय नागपूरला आहे. नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज कोणालाही पशुवैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. प्रमाणपत्र किंवा पदविकाधारक कर्मचाऱ्यांना लसीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवा देण्याची परवानगी राज्य शासन देऊ शकते, पण त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. गावाकडचा ‘डॉक्टर’ बरेचदा या दुसऱ्या वर्गातला असतो आणि त्याला डॉक्टरच म्हणतात. त्यामुळे तक्रारीआधी समोरच्या माणसाचे नाव नोंदवहीत आहे का, हे पाहणे ही पहिली पायरी. नाव नसेल तर परिषदेने काढायचे तरी काय? तिथे मुद्दा विनानोंदणी व्यवसायाचा होतो.

नाव असेल तर संबंधिताला बाजू मांडण्याची संधी देऊन परिषद चौकशी करते आणि व्यावसायिक गैरवर्तन सिद्ध झाल्यास नोंदवहीतून नाव काढू शकते. वर्तनाचे निकष १९९२च्या आचारसंहिता विनियमांत आहेत. भरपाई देणे किंवा बिल कमी करून घेणे हे परिषदेचे काम नव्हे. शिवाय नोंद असते ती व्यक्तीची, दवाखान्याची नव्हे. माणसांच्या रुग्णालयांसाठी महाराष्ट्रात १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. कुत्र्यामांजरांच्या दवाखान्याला तो लागू नाही. रात्रपाळीला कोण होते, भुलीनंतर प्राण्याजवळ कोण बसले होते, हे प्रश्न खरे तर दवाखान्याच्या व्यवस्थेचे आहेत आणि ते नेमके या फटीत पडतात.

ही फट फक्त भारतातली नाही. ब्रिटनमध्ये १८४४ साली स्थापन झालेले रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्स ही पशुवैद्यकांची नोंदणी करणारी संस्था १९६६च्या कायद्यानुसार गंभीर गैरवर्तनाच्याच तक्रारी चालवते. शुल्काचे वाद आणि साधी हयगय तिच्या कक्षेबाहेर राहते. त्यासाठी मालक व दवाखाना यांच्यात विनाशुल्क मध्यस्थी करणारी वेगळी सेवा आहे. तिथले सुमारे ६० टक्के दवाखाने मोठ्या कंपन्यांच्या हाती गेले, तरी कायदा अजून एकेकट्या डॉक्टरलाच ओळखतो, यावर तिथल्या स्पर्धा नियामकाने २०२३ पासूनच्या आपल्या तपासात बोट ठेवले.

पैसे परत हवे असतील तर वाट ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली घटनेपासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील बंधनकारक नाही, अर्ज ऑनलाइनही होतो. अडचण दुसरीकडे आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवले, पण जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती सेवा वगळली, आणि नाममात्र नोंदणी शुल्काने हे चित्र बदलत नाही असेही म्हटले. तो निकाल माणसांच्या डॉक्टरांचा. तोच तर्क लावला, तर पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यात केसपेपरचे चार पैसे भरणारा माणूस ‘ग्राहक’ ठरणे अवघड.

आयोगापुढे प्रकरण टिकते ते कागदांवर. लस दिल्यावर कुपीवरचे लेबल सोलून लसीकरणाच्या पुस्तिकेत चिकटवतात. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. ते चिकटवलेले नसेल आणि शेजारी नुसती सही असेल, तर कोणती लस दिली हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. शस्त्रक्रियेआधी ‘रिस्कवर सही’ घेतलेली असते. त्या सहीने डॉक्टर हयगयीतून सुटत नाही, पण तिची प्रत मालकाकडे क्वचितच असते. सर्वांत मोठा पुरावा म्हणजे प्राण्याचे शव, आणि तोच सर्वांत आधी जातो. घरातले माणूस गेल्यासारखी अवस्था असते. संध्याकाळपर्यंत कुठेतरी झाडाखाली पुरून मंडळी परततात. शवविच्छेदन करायचे तर शव फ्रीजरमध्ये गोठवू नये, कारण गोठल्याने पेशी फुटतात. बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागात न्यावे. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर येथे अशी महाविद्यालये आहेत. ज्या डॉक्टरविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडूनच शवविच्छेदन करून घेण्यात अर्थ नाही.

भरपाईचा हिशेब हा या विषयातला सर्वांत अवघडलेला भाग. कायद्याच्या लेखी प्राणी ही मालमत्ता. म्हशीची किंमत बाजारात ठरते, तिचा विमा उतरवता येतो, कानातला बिल्ला दाखवून दावा करता येतो. विकत आणलेल्या लॅब्राडॉरची निदान पावती असते. पण रस्त्यावरून उचलून आणलेल्या, बारा वर्षे उंबऱ्यात झोपलेल्या गावठी कुत्र्याची किंमत काय लावायची? उपचारांचा खर्च आणि मनस्तापाची रक्कम, एवढ्यावरच बोलणे येते. जुन्या भारतीय दंडसंहितेत तर प्राण्याला मारणे किंवा पंगू करणे हा गुन्हा ठरण्यासाठी प्राणी किमान १० रुपये (कलम ४२८) किंवा ५० रुपये (कलम ४२९) मोलाचा असावा लागे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ ने ही अट काढली आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत ठेवली.

तरीही पोलिसांकडे जाऊन सहसा काही हाती लागत नाही. कलम ३२५ मधल्या आगळिकीला (इंग्रजीत ‘मिस्चिफ’) नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव लागते. टेबलावर दगावलेल्या प्राण्याबाबत ती दाखवता येत नाही. डॉक्टरांवर फौजदारी कारवाईपूर्वी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे स्वतंत्र मत हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सांगितले. तेही माणसांच्या उपचारांबाबत, पण पशुवैद्यकाचा वकील त्याचाच आधार घेणार. उरतो तो प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६०. प्राण्याला मारझोड झाली किंवा मुद्दाम यातना दिल्या, तर कलम ११ लावता येते. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे, म्हणजे दवाखान्यातल्या एका इंजेक्शनच्या सुईसिरिंजलाही तो जेमतेम पुरेल.