‘फायनान्शियल अॅडव्हायझर पाहिजेत’: निवड होते, मग कोड का येत नाही?

‘फायनान्शियल अॅडव्हायझर पाहिजेत. दहावी पास चालेल. उत्पन्न अमर्याद.’ अशी जाहिरात बहुतेक वेळा विमा एजंटची असते. पगार नाही, कमिशन. हे मुलाखतीत स्पष्ट विचारून घ्या, कारण समोरचा आपणहून सांगेलच असं नाही. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा असेल तर शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिची नोंदणी लागते. तो रस्ता वेगळा आणि बराच लांबचा.

एजंटसाठी वय १८ पूर्ण आणि दहावी पास एवढंच लागतं. अर्ज, फोटो, आधार, पॅन, मार्कशीट, कॅन्सल चेक दिला की ट्रेनिंग आणि मग आयसी-३८, म्हणजे विमा एजंटची परीक्षा. ५० प्रश्न, एक तास, पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे १८ उत्तरं बरोबर हवीत. मराठीतून देता येते. परीक्षेला लोक उगाच घाबरतात. एजंट कोड, म्हणजे कंपनी एजंटला देते तो क्रमांक, मिळताना गाडी अडते ती पॅनवर.

‘तुमच्या पॅनवर आधीच एजन्सी आहे’ हे ऐकून माणूस चक्रावतो. मग आठवतं, आठ वर्षांपूर्वी मार्च एंडला विमा कंपनीतल्या काकांचं एजंट भरतीचं टार्गेट अपुरं होतं, तेव्हा कुठेतरी सही केली होती. एकही पॉलिसी विकली नसली तरी तो कोड जिवंत असू शकतो. आयुर्विम्यात एका वेळी एकाच कंपनीची एजन्सी घेता येते. तेव्हा आधी जुन्या कंपनीकडे लेखी राजीनामा द्या आणि पोच घ्या. नियमाप्रमाणे १५ दिवसांत सेसेशन सर्टिफिकेट, म्हणजे एजन्सी संपल्याचा दाखला (फॉर्म आय-सी), मिळायला हवं. प्रत्यक्षात ‘साहेब रजेवर आहेत’ ऐकत चकरा माराव्या लागतात. पोच हातात असली की बोलता तरी येतं.

आणि इथेच तारखेचा घोळ होतो. नवी कंपनी तुमचा अर्ज ९० दिवसांनंतरच विचारात घेते, पण हे ९० दिवस राजीनाम्यापासून नाही, सर्टिफिकेटच्या तारखेपासून मोजतात. राजीनामा जानेवारीत आणि सर्टिफिकेट मार्चअखेर, तर जूनअखेरपर्यंत थांबा. उलट बाजूची मुदतही लक्षात ठेवा: परीक्षेचा निकाल पहिल्या नेमणुकीसाठी १२ महिनेच चालतो. ‘एकदा पास झालो, आता कधीही’ म्हणून बसलेले पुन्हा परीक्षेला बसताना मी पाहिलेत.

दुसरा अडथळा नावाचा, आणि तो जास्त करून बायकांच्या वाट्याला येतो. पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी. एक ताई पुरावा म्हणून चक्क लग्नपत्रिका घेऊन आल्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. कंपनीने पत्रिका मानली नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र मागितलं. त्यांच्या लग्नाची नोंदणीच झालेली नव्हती. लग्नाला १४ वर्षं झालेली, तरी नवरा-बायकोला साक्षीदार घेऊन नोंदणीला जावं लागलं, मग पॅन दुरुस्ती. हॉल तिकीट आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर परीक्षा केंद्राच्या दारातून परत पाठवतात, म्हणून पॅन-आधार एकसारखं झाल्याशिवाय परीक्षेची तारीख घेऊच नका.

जुनी एजन्सी आहे की नाही, हे विमा नियामक आयआरडीएआयच्या वेबसाइटवरच्या एजंट शोध सुविधेत पॅन टाकून घरबसल्या कळतं. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी एवढं करा. आणि काकांनाही एकदा विचारून घ्या.