पियानो टाइल्स

पियानो टाइल्स : मोबाइलच्या पडद्यावर वरून खाली येणाऱ्या काळ्या पट्ट्यांना क्रमाने बोट लावत सूर वाजवण्याचा खेळ. मूळ खेळ २०१४ साली ‘डोन्ट टॅप द व्हाइट टाइल’ या नावाने आला. चीनमधील हू वेन झेंग हे त्याचे कर्ते. ‘फ्लॅपी बर्ड’ हा व्हिएतनामी खेळ त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच्या निर्मात्याने अचानक मागे घेतला होता. एक चूक झाली की डाव संपला, पुन्हा पहिल्यापासून सुरू, अशा त्याच्यासारख्या खेळांची चटक लोकांना तेव्हा लागलेली होती. पुढच्या दोनतीन महिन्यांतच पियानो टाइल्स अनेक देशांतील डाउनलोडच्या याद्यांत वर पोहोचला. आता हे नाव एका खेळाचे राहिलेले नाही. चार उभ्या रांगा, पडत्या पट्ट्या आणि पियानोचा आवाज एवढे असले की कोणत्याही कंपनीचा खेळ ‘पियानो टाइल्स’ म्हणूनच ओळखला जातो.

खेळाची रीत मिनिटभरात कळते. पडद्यावर चार उभ्या रांगा असतात. प्रत्येक आडव्या ओळीत एक पट्टी काळी आणि तीन पांढऱ्या. सर्वांत खालच्या काळ्या पट्टीला बोट लावले की ती फिकट होते, एक सूर वाजतो आणि पुढच्या ओळीची पाळी येते. पांढऱ्या पट्टीला बोट लागले की डाव गेला. मूळ खेळात याचेच काही प्रकार होते. ‘क्लासिक’मध्ये ठरलेल्या संख्येच्या पट्ट्या कमीत कमी वेळात संपवायच्या, ‘झेन’मध्ये ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त पट्ट्या गाठायच्या, तर ‘आर्केड’मध्ये पट्ट्या स्वतःहून सरकतात आणि त्यांचा वेग वाढत जातो. तिथे काळी पट्टी हातातून निसटली तरी डाव संपतो.

या खेळाची गणना सर्रास रिदम गेममध्ये, म्हणजे तालावर बटणे दाबण्याच्या खेळांत होते, पण ती पूर्णपणे बरोबर नाही. १९९६ साली प्लेस्टेशनवर आलेला ‘पॅरप्पा द रॅपर’ आणि १९९७ साली जपानच्या कोनामी कंपनीने आर्केडमध्ये (नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांत) आणलेला ‘बीटमेनिया’ यांच्यापासून या कुळाचा नियम असा की गाणे आपल्या गतीने चालते आणि खेळाडूने ते गाठायचे. बटण थोडे आधी दाबले की उशिरा, याचा हिशेब होतो आणि त्यावर गुण मिळतात. पियानो टाइल्सच्या ‘क्लासिक’ प्रकारात नेमके उलट घडते. खेळाडूचे बोट थांबले की गाणेही थांबते. त्याने घाई केली की गाणेही धावत सुटते. ताल चुकला म्हणून इथे कोणी हरत नाही, जागा चुकली की हरतो. म्हणूनच आवाज पूर्ण बंद करूनही हा खेळ तितक्याच सफाईने खेळता येतो, जे खऱ्या रिदम गेममध्ये फार अवघड. इथे सूर नियम म्हणून येत नाहीत, बक्षीस म्हणून येतात. अर्थात हे बक्षीस लहान नाही. ज्याने कधी कोणत्याही वाद्याला हात लावलेला नाही, त्याच्या बोटांतून ओळखीची धून निघते, आणि खेळाची सगळी मोहिनी त्यात आहे.

गती वादकाच्या हाती सोपवण्याची कल्पना याआधीही होती. अमेरिकेतील स्म्यूल कंपनीने २०१० साली पहिल्या आयपॅडच्या सुमारास आणलेल्या ‘मॅजिक पियानो’त प्रकाशाचे ठिपके खाली येत आणि त्यांना हवे तेव्हा स्पर्श करून गाणे आपल्या लयीत वाजवता येई. हरणे-जिंकणे त्यात दुय्यम होते. त्याच्याही आधी, २००० साली, कोनामीने ‘कीबोर्डमेनिया’ नावाचे २४ खऱ्या पट्ट्यांचे आर्केड यंत्र काढले होते. ते वाजवणे खऱ्या पियानोइतकेच कठीण वाटे, आणि ती मालिका लवकरच थांबली. चोवीसच्या जागी चार रांगा करणे हा कसला शोध, असे वाटेल. पण मोबाइलच्या रुंदीत दोन अंगठ्यांना आरामात पोहोचता येतील अशा जागा साधारण तेवढ्याच आहेत.

२०१५ साली चीता मोबाइल या बीजिंगच्या कंपनीने ‘पियानो टाइल्स २’ आणला आणि खेळाला आजचे रूप आले. यात पट्ट्या सतत सरकतात, लांब सुरासाठी बोट दाबून धरायचे असते आणि काही ठिकाणी दोन पट्ट्या एकदम दाबाव्या लागतात. गाणे एकदा संपले की तेच वाढलेल्या वेगाने पुन्हा सुरू होते. आधी तीन तारे मिळतात, मग तीन मुकुट. तरीही पट्टी पडद्यावर आहे तोवर तिला केव्हाही स्पर्श केलेला चालतो, म्हणजे कालमापनाची सवलत दुसऱ्या भागातही कायम राहिली.

वेग सेकंदाला किती पट्ट्या, असा मोजला जातो. सेकंदाला पाच पट्ट्या म्हणजे एका पट्टीला २०० मिलिसेकंद. डोळ्याला काही दिसून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे २५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे या वेगाला प्रत्येक पट्टी पाहून मग दाबणे शक्यच नसते. मुरलेला खेळाडू खालच्या ओळीकडे पाहत नाही. त्याची नजर दोनतीन ओळी वर असते आणि बोटे मागून येतात. स्वरलिपी पाहून वाजवणारा पियानोवादकही असेच करतो. या खेळातून वादनाचे काही खरोखर अंगी येत असेल तर ते एवढेच. एका बोटाने सेकंदाला सहासातपेक्षा जास्त ठोके देणे बहुतेकांना जमत नाही, त्यामुळे एकाच रांगेत लागोपाठ येणाऱ्या पट्ट्या सर्वांत जड जातात. दोन अंगठ्यांनी आलटूनपालटून खेळण्यासारख्या ओळी त्यापेक्षा दुप्पट वेगातही निघतात. मोठे विक्रम करू पाहणारे फोन टेबलावर आडवा टाकून दोन्ही हातांची बोटे वापरतात.

आवाजाची रचना काटकसरीची आहे. गाण्याचे ध्वनिमुद्रण साठवलेले नसते. एकेका स्वराचे छोटे तुकडे फोनच्या स्मृतीत आधीच भरलेले असतात आणि गाणे म्हणजे ‘कोणता स्वर कितवा’ एवढी यादी. स्पर्श आणि सूर यांत अंतर पडले की मजा जाते. अँड्रॉइड फोनवर हे दुखणे पूर्वी फार होते. २०१७ सालच्या अँड्रॉइड ८ मध्ये आवाज लवकर पोहोचवणारी नवी व्यवस्था आली, तेव्हा फरक पडला. ब्लूटूथ इअरफोनवर मात्र सूर अजूनही बोटाच्या मागे राहतो. रसिकाने तार असलेला इअरफोन वापरावा, नाहीतर सरळ फोनचा स्पीकर.

गाण्यांच्या निवडीमागे कायदा आहे. बीथोव्हन, मोझार्ट, पाखेलबेल यांच्या रचनांवर कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही, आणि स्वर खेळाचेच असल्यामुळे ध्वनिमुद्रणाचे पैसेही द्यावे लागत नाहीत. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क चालतो; बीथोव्हन १८२७ साली वारला. त्यामुळे ज्या पोरांनी पाश्चात्त्य अभिजात संगीताची मैफल कधी पाहिलेली नाही, त्यांनाही त्याच्या दोनतीन धुना तोंडपाठ असतात, नाव विचारले तर सांगता येणार नाही. आजची लोकप्रिय गाणी घ्यायची तर परवाना लागतो, आणि परवाना संपला की गाणे यादीतून निघून जाते.

या खेळाच्या पुढच्या पिढीत काळा-पांढरा रंग मागे पडला आणि गोंडसपणा पुढे आला. व्हिएतनाममधील हो ची मिन्ह सिटी येथे २०१४ साली स्थापन झालेली अमानोट्स ही कंपनी त्यात आघाडीवर आहे. तिच्या ‘मॅजिक टाइल्स ३’ने पट्ट्यांना रंग आणि झगमगाट दिला, तर ‘ड्युएट कॅट्स’मध्ये पट्ट्याच नाहीत. दोन मांजरी दोन अंगठ्यांनी इकडून तिकडे सरकवायच्या, वरून पडणारा खाऊ त्यांच्या तोंडात घालायचा. घास पकडला की मांजर त्या सुरात ‘म्याव’ गाते. घास चुकला तर मांजरीचा चेहरा पडतो, आणि पांढऱ्या पट्टीपेक्षा हे जास्त लागते. याच्या दुसऱ्या टोकाला तैवानच्या रेयार्क कंपनीचा ‘डीमो’ (२०१३) आहे : आकाशातून पडलेली मुलगी, पियानो वाजवणारी एक काळी आकृती आणि संगीतावर वाढणारे झाड. त्यात स्पर्शाची वेळ काटेकोर मोजली जाते, म्हणून तो खऱ्या अर्थाने रिदम गेम ठरतो.

बहुतेक पियानो टाइल्स फुकट असतात आणि जाहिरातींवर चालतात. डाव गेला की जाहिरात. गेलेला डाव तिथूनच पुढे न्यायचा तर आणखी एक जाहिरात. पट्टी सुटते ती नेमकी गाण्याच्या ऐन रंगात, कारण वेग तिथेच वाढवलेला असतो, आणि तिथे जाहिरात नाकारणे कठीण. काही खेळ आठवड्याचे वर्गणीचे शुल्क लावतात, जे वर्षाच्या हिशेबाने भलतेच महाग पडते. लहान मुलाच्या हाती फोन देताना खरेदीला पासवर्ड लावलेला बरा.

हा खेळ खेळून पियानो येतो का, हे पालक हमखास विचारतात. येत नाही. पियानोला ८८ पट्ट्या, इथे चार रांगा; पियानोवर डावीकडे खर्ज आणि उजवीकडे तार, इथे रांगेचा स्वराच्या उंचीशी संबंध असेलच असे नाही. पेटीवर ‘काळी चार’ म्हटले की गायकाचा षड्ज ठरतो. खेळातली काळी पट्टी फक्त ‘इथे दाब’ एवढेच सांगते. काचेला बोटाचा जोरही कळत नाही, त्यामुळे हळू आणि जोरात हा भेद उरत नाही. पडत्या पट्ट्यांवरून खरोखर शिकायचे असेल तर ‘सिंथेसिया’सारखे प्रोग्राम आहेत. ‘गिटार हिरो’ या गिटारच्या रिदम गेमवरून त्याचे नाव आधी ‘पियानो हिरो’ होते. त्या खेळाच्या कंपनीने हरकत घेतल्यावर ते बदलावे लागले. त्यात पट्ट्या खऱ्या कीबोर्डच्या त्या-त्या स्वरावरच उतरतात, आणि बरोबर स्वर दाबला जाईपर्यंत गाणे थांबवून ठेवण्याची सोयही आहे.