रॉन फ्रान्सिस लेमियोच्या जिवावर मोठा झाला?

नाशकात पहाटे उठून एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचे, सामने पाहणारे मोजकेच. पण गंगापूर रोडवर चहाला जमलेल्या या मोजक्यांतही एक समज ठाण मांडून बसलाय: रॉन फ्रान्सिस मोठा झाला तो पिट्सबर्ग संघातला स्टार सहकारी मारियो लेमियोच्या जिवावर. साफ चूक!

तो पिट्सबर्गला आला मार्च 1991 मध्ये. त्याआधीच हार्टफर्डकडून 714 सामन्यांत त्याच्या नावावर 821 गुण होते (गोल अधिक असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याच्या गोलला कारणीभूत पास). तेव्हा कुठे होता लेमियो? बरं, 1994-95 च्या मोसमात लेमियो खेळलाच नाही. नेमक्या त्याच मोसमात फ्रान्सिसचे 44 सामन्यांत 48 असिस्ट, लीगमध्ये सर्वाधिक. शिवाय बचावात सरस फॉरवर्डला मिळणारी सेल्की ट्रॉफी आणि सभ्य खेळाची लेडी बिंगही त्यालाच.

मग बोलबाला का नाही? फेसऑफला, म्हणजे दोघांमध्ये पक (रबरी चकती) टाकून खेळ सुरू होतो तेव्हा, कमरेत वाकायचं, काठीच्या झटक्याने पक मागच्या सहकाऱ्याकडे ओढायचा, पुढे गोल दुसऱ्याच्याच नावावर. हायलाइट्समध्ये नेमका तेवढाच भाग कापतात. लेमियो आणि संघातला दुसरा स्टार यागर यांच्या सोबतीचा फायदा झाला, हे मान्य. पण 1992 चा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकून देणारा गोल फ्रान्सिसचा होता. आणि कारकिर्दीतले असिस्ट 1,249. त्याच्या पुढे एकटा ग्रेट्झकी.